बोन्सायची माती : प्रशिक्षणावस्थेतील रोपांसाठी (मांजलपूर, बडोदे)

उथळ पात्रात वृक्षाची लघुमूर्ती घडविण्याच्या कलेत, रोपाच्या खोडाला इष्ट जाडी येईपर्यंत आणि त्याच्या मुख्य फांद्यांची मांडणी निश्चित होईपर्यंत जी काही वर्षे जातात, त्या कालखंडास प्रशिक्षणावस्था म्हणतात. आणि या अवस्थेत रोपाची मुळे ज्या कणमय द्रव्यात वाढतात, त्यास व्यवहारात माती म्हणण्याची वहिवाट असली तरी त्यात शेतातील मातीचा अंश बहुधा नसतोच. अशा मिश्रणाची योग्यता कणांचा आकार, त्यांचा टणकपणा आणि धुळीचा अभाव या तीन गुणांनी ठरते. त्याची किंमत आणि त्याचा मूळ देश यांचा या योग्यतेशी संबंध फार थोडा आहे. ज्याच्याजवळ एखाददुसरे झाड नसून गच्चीवर वड, चिंच, डाळिंब अशी पंधरावीस रोपे वाढत आहेत, त्याच्या दृष्टीने हा मुद्दा केवळ तात्त्विक राहत नाही, कारण खर्चाचा सारा हिशेब त्यावरच अवलंबून असतो.

मांजलपूर हा बडोदे शहराचा दक्षिण भाग असून त्याच्या पलीकडे मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत आणि खंडेराव गायकवाडांच्या काळात उभा राहिलेला, सध्या वायुसेनेच्या ताब्यात असलेला मकरपुरा राजवाडा आहे. दांडिया बाजार व रावपुरा येथील जुन्या वस्तीतून मराठी कुटुंबे गेल्या काही दशकांत ज्या नव्या वसाहतींत पसरली त्यांत मांजलपुराची गणना होते. बडोद्यास उद्यानकलेची परंपरा जुनी. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये जनतेसाठी खुली केलेली कमाटीबाग, आणि इंग्लंडातून आलेल्या विल्यम गोल्डरिंग याने लक्ष्मीविलास राजवाड्याभोवती केलेली बागेची आखणी, ही तिची ठळक उदाहरणे होत. परंतु मोठ्या बागेतील मशागतीचे नियम वीतभर उंचीच्या पात्रास लागू पडत नाहीत, आणि नवशिक्याची पहिली चूक बहुतेक येथेच होते.

शहराच्या उत्तरेस मही नदीपलीकडील चरोतरात गोराडू नावाची वाळूमिश्रित दुमट जमीन आढळते, तर दक्षिणेस कानम प्रदेशात कापसाची काळी जमीन पसरली आहे. काळ्या जमिनीतील चिकणमाती पाण्याने फुगते व सुकताना आक्रसून भेगाळते. शेतात कापसाची मुळे खोल जाऊन या गुणाचा लाभ घेतात. कुंडीत मात्र हीच माती पावसाळ्यात चिखल होऊन मुळांची हवा तोडते आणि वैशाखात विटेसारखी घट्ट होऊन कुंडीच्या कडेपासून सुटते, तेव्हा वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते व मध्यभाग कोरडाच राहतो. गोराडू माती त्या मानाने सौम्य. तथापि तिच्यातील सूक्ष्म कणही वर्षा-दोन वर्षांत खाली बसून निचऱ्याची छिद्रे बुजवितात. यास्तव घराभोवतीची माती फुकट मिळते म्हणून वापरणे हा बोन्सायच्या बाबतीत सर्वांत महाग पडणारा मार्ग होय.

कणांच्या आकारास एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी पात्रातील पाण्याचे वर्तन पाहिले पाहिजे. कोणत्याही कुंडीत पाणी घालून जादा पाणी वाहून गेल्यावरही तळाशी काही उंचीपर्यंत एक संपृक्त थर शिल्लक राहतो, कारण कणांमधील अरुंद पोकळ्या केशाकर्षणाने पाणी धरून ठेवतात आणि गुरुत्वाकर्षणास ते ओढून नेता येत नाही. या थराची उंची कणांच्या आकारावर ठरते, पात्राच्या खोलीवर ठरत नाही. म्हणून बारीक मातीच्या खोल कुंडीत जो थर निरुपद्रवी असतो, तोच उथळ पात्रात मुळांच्या निम्म्याहून अधिक जागा व्यापतो. ओला स्पंज आडवा धरला असता त्यातून गळायचे थांबलेले पाणी तो उभा करताच पुन्हा गळू लागते, यातही हेच तत्त्व दिसते. मुसळधार पावसाच्या दिवसांत अनुभवी मंडळी कुंडी एका कडेखाली विटकर ठेवून तिरकी करतात ती याच कारणासाठी, आणि हा उपाय पूर्णतः शास्त्रसंमत आहे. याउलट, तळाशी मोठ्या खड्यांचा थर दिल्याने निचरा सुधारतो ही सर्वत्र रूढ असलेली समजूत चुकीची आहे. त्या थराने संपृक्त भाग तेवढाच वर उचलला जातो आणि मुळांस उपलब्ध असलेली जागा कमी होते. तळाच्या छिद्रावर जाळीचा तुकडा बसविला की पुरे; मिश्रण मात्र वरपासून खालपर्यंत एकजिनसी असावे.

जपानात या कामी अकादामा नावाची दाणेदार ज्वालामुखीजन्य माती वापरतात. ती कांतो प्रदेशात, विशेषतः तोचिगी प्रांतात खणली जाते. पाणी धरून ठेवणे व हवा खेळती ठेवणे हे दोन्ही गुण तिच्यात एकत्र आढळतात, आणि तिची कीर्ती यथार्थ आहे. परंतु परदेशी मातीच्या आयातीवर भारतात वनस्पती-संगरोधाच्या २००३ च्या आदेशान्वये निर्बंध आहेत. शिवाय भाडे व दलाली जमेस धरता जी पिशवी येथे पोहोचते ती वाढत्या रोपाच्या मोठ्या कुंडीत ओतणे कोणाही गृहस्थाच्या अंदाजपत्रकास परवडणारे नाही. येथे एक गोष्ट आवर्जून नमूद केली पाहिजे. अन्य देशांतील हौशी मंडळींनीही या महागाईवर आपापल्या परीने तोड काढली : अमेरिकेत बेसबॉलच्या मैदानावर पसरण्यासाठी तयार होणारी भाजलेली चिकणमाती, तर ब्रिटनमध्ये मांजरांच्या मलपात्रासाठी विकली जाणारी डायॅटमी माती त्यांनी बोन्सायच्या कुंडीत आणली. भाजून टणक झालेली, सच्छिद्र, दाणेदार माती हे या सर्वांचे समान लक्षण होय. आणि तेच लक्षण ज्या वस्तूत परिपूर्ण आढळते ती वीट गुजरातेत गावोगावी भाजली जाते.

बोन्सायसाठी वीट निवडताना पक्की वीट घ्यावी. दोन विटा एकमेकींवर आपटल्या असता खणखणीत नाद यावा, आणि तिचा तुकडा रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी बोटांनी चोळला असता पाणी गढूळ होऊ नये; कच्ची, फिकट वीट एका पावसाळ्यातच विरघळून चिखल होते. फार भाजून काळवंडलेली, काचेसारखी झालेली वीट टणक असते, पण तिची छिद्रे मिटलेली असल्यामुळे ती पाणी धरीत नाही. सामान्य विटेने चोवीस तास पाण्यात राहिल्यानंतर आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये असे भारतीय मानक सांगते. इमारतीच्या दृष्टीने ही मर्यादा असली तरी झाडाच्या दृष्टीने ती ठेव आहे, कारण प्रत्येक दाण्याच्या पोटात साठलेले हे पाणी मुळांस हळूहळू मिळते आणि दाण्यांमधील मोठ्या पोकळ्या हवेसाठी मोकळ्या राहतात. पाडलेल्या घराचे रोडे फुकट मिळतात खरे, परंतु त्यांना चिकटलेले सिमेंट व चुना मिश्रणाची विम्लता वाढवितात, सबब ते टाळावे. भट्टीवर अथवा बांधकामाच्या जागी फुटून पडलेल्या नव्या विटा मागितल्यास बहुधा नाममात्र मोबदल्यात मिळतात. विटेत पांढरे चुनखडीचे खडे दिसल्यास तो तुकडा बाजूस काढावा.

विटा फोडण्यापूर्वी त्या भिजवाव्यात आणि गोणपाटाखाली ठेवून हातोडीने फोडाव्यात. कोरड्या विटेची धूळ फुप्फुसांस अपायकारक आहे, म्हणून नाकातोंडास फडके बांधण्यात हयगय करू नये. त्यानंतर चुरा वाळवून दोन चाळण्यांतून काढावा. सुमारे दोन मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीतून जे खाली पडते ते पूर्णपणे वगळावे, पाच-सहा मिलिमीटरच्या चाळणीवर जे राहते ते पुन्हा फोडावे किंवा मोठ्या कुंड्यांसाठी वेगळे ठेवावे, आणि मधला भाग धुऊन वापरावा. चाळणी हे या सर्व उद्योगातील एकमेव साधन असे आहे की ज्यावर खर्च करताना हात आखडू नये. खाली पडणारी भुकटी, जी चुन्यात मिसळली असता गवंडी तिला सुरखी म्हणतात आणि जिने एके काळी घरोघर पितळेची भांडी घासली जात, ती कुंडीत मात्र घातक ठरते. ती टाकून देणे जिवावर आल्यामुळे अनेकांचे मिश्रण बिघडते.

रेती बोडेलीची उत्तम. बोडेलीवरून वाहणारी ओरसंग नदी छोटा उदेपूरच्या डोंगराळ मुलखातून येऊन चांदोदजवळ नर्मदेस मिळते, आणि तिच्या पात्रातील जाड, पिवळसर रेती बडोद्याच्या बांधकामांत सर्रास वापरली जात असल्यामुळे कोणत्याही बांधकाम-साहित्याच्या वखारीत मिळते. तीही चाळून जाड भाग तेवढा घ्यावा व पाणी निवळ येईपर्यंत धुवावी. रेती पाणी शोषीत नाही व अन्नद्रव्ये धरीत नाही. तिचे काम पोकळी राखणे आणि वजन देणे हे असून, लिटरमागे ती सुमारे दीड किलो भरते, याचा विचार गच्चीवर अनेक कुंड्या मांडणाऱ्याने अवश्य करावा.

सेंद्रिय भागासाठी वर्षभर कुजलेल्या पालापाचोळ्याचे खत सर्वांत श्रेयस्कर, कारण ते वसाहतीच्या आवारातच तयार होऊ शकते. पूर्ण जुने झालेले शेणखत अथवा गांडूळखतही चालते, पण तेही चाळून त्यातील बारीक भाग काढावा लागतो. नारळाच्या काथ्याचा भुसा हलका व स्वस्त असतो. तथापि त्यात क्षार राहिलेले असतात, म्हणून तो तीन-चार पाण्यांनी धुतल्यावाचून वापरू नये, आणि मिश्रणाच्या चतुर्थांशापेक्षा त्याचे प्रमाण वाढू देऊ नये, कारण कालांतराने तो बसून जातो. मांजलपुरासारख्या ठिकाणी वड, पिंपळ, उंबर, चिंच व बाभूळ यांच्या रोपांसाठी दोन भाग विटांचा चुरा, एक भाग रेती व एक भाग खत हे प्रमाण सर्वसाधारणपणे शिफारस करण्यास योग्य आहे. बोगनवेल व डाळिंब यांना खत किंचित कमी, आणि जेडसारख्या रसाळ वनस्पतीस त्याहूनही कमी द्यावे. ज्या गृहस्थास दिवसातून एकदाच पाणी घालणे शक्य आहे, त्याने रेतीचा काही अंश कमी करून विटेचा वाढवावा.

अशा मिश्रणात अन्नाचा साठा अल्प असतो, हा दोष मानण्याचे कारण नाही. त्यामुळे खुराक आपल्या हाती राहतो. एरंडीचे सर्वाधिक उत्पादन गुजरातेत होत असल्यामुळे एरंडीची पेंड येथे सहज व स्वस्त मिळते. तिच्यात नत्र सुमारे चार ते पाच टक्के असते, आणि वाढीच्या दिवसांत ती थोडी थोडी वरून दिल्यास रोप जोमाने वाढते. ही पेंड विषारी असून कुत्र्यांना तिचा वास आकर्षक वाटतो, म्हणून घरात पाळीव प्राणी असल्यास निंबोळी पेंड बरी.

मातीच्या नावावर खपणारे पुष्कळसे दोष वस्तुतः पाण्याचे असतात. कूपनलिकेचे पाणी जड असल्यास त्यातील चुना कणांवर पांढऱ्या पुटाच्या रूपाने साचतो, मिश्रण विम्ल होत जाते, आणि लोह असूनही मुळांस ते घेता येत नाही. मग कामिनीसारख्या झाडाची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. शेतकरी यालाच केवडा म्हणतात. त्यावर लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस व चिमूटभर लिंबूसत्त्व विरघळवून सायंकाळी पानांवर फवारल्यास गुण येतो, आणि आषाढ-श्रावणात पावसाच्या पाण्याने कुंड्या मनसोक्त धुऊन निघाल्या की वर्षभराचे साचलेले क्षार बरेचसे वाहून जातात. निचरा चांगला असलेल्या मिश्रणास अतिवृष्टीचे भय नसते. उलट तोच काळ त्याच्या गुणांची खरी कसोटी असतो. पाणी ओतताच ते पृष्ठभागावर न साचता क्षणात आत उतरावे आणि तळातून वाहू लागावे; पृष्ठभागावर तळे साचू लागले की माती बदलण्याची वेळ आली असे समजावे.

बडोद्याच्या हवामानात ही बदली वड-पिंपळ वर्गाच्या झाडांस फाल्गुनात किंवा पहिल्या पावसानंतर करतात. भर वैशाखात, पारा चाळिशीपलीकडे असताना, मुळांस हात लावू नये. काढलेले मिश्रण फेकून देण्याची मुळीच गरज नाही, आणि विटेच्या काटकसरीचा खरा फायदा येथेच पदरात पडतो : खत कुजून गेले तरी वीट व रेती शाबूत राहतात, ती पुन्हा चाळून, ओली करून, पारदर्शक प्लास्टिकखाली उन्हाळ्याचे चार ते सहा आठवडे गच्चीवर तापवली की पुन्हा वापरास सिद्ध होतात. ज्या रोपाच्या मुळांवर गाठी आढळल्या असतील त्याचे मिश्रण मात्र काढून टाकावे, कारण त्या गाठी बहुधा सूत्रकृमींच्या असतात व डाळिंबास त्यांचा उपद्रव विशेष होतो.

मातीवर वाचलेला पैसा मोठ्या कुंडीवर खर्च करणे हा प्रशिक्षणावस्थेतील सर्वोत्तम विनियोग होय. खोड जाड व्हावयाचे तर मुळांस पसरण्यास जागा हवी, आणि भाजीच्या जाळीदार प्लास्टिक टोपलीसारखे साधे पात्रही त्यासाठी उत्तम काम देते. तिच्या कडांच्या छिद्रांशी हवा लागून मुळांची टोके थांबतात आणि आत बारीक मुळांचे दाट जाळे तयार होते. चकचकीत उथळ पात्रात कोवळे रोप घाईने बसविल्यास ते वर्षानुवर्षे काडीसारखेच राहते. झाड पूर्णत्वास येऊन प्रदर्शनाच्या पात्रात जाईल तेव्हा हेच मिश्रण थोड्या बारीक चाळणीचे करून वापरावे. वड, पिंपळ व चिंच यांना परदेशी मातीची गरज त्या वेळीही पडत नाही.