दुबईला बायको-मुलं न्यायची आहेत? व्हिसाच्या आधी हा हिशोब करा

पुसद, दिग्रस, उमरखेड, दारव्हा, नेर. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या या गावांतून कामासाठी आखातात गेलेल्या माणसाच्या घरी एक प्रश्न कधी ना कधी निघतोच : "आम्हाला तिकडे कधी नेणार?" मुलं लहान असतात, अब्बा फक्त मोबाईलच्या पडद्यावर दिसतात. त्यामुळे पगार थोडा वाढला की पहिला विचार फॅमिली व्हिसाचा येतो.

विचार चुकीचा नाही. पण व्हिसा मिळणं आणि त्या शहरात घर चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुबई हे महागडं शहर आहे. तिथे कुटुंब न्यायचं तर कोणते कागद लागतात, पैसे कुठे लागतात आणि कुठे अडकायला होतं, ते इथे क्रमाने दिलं आहे.

पगाराची अट किती?

संयुक्त अरब अमिरातीत (युएई) बायको-मुलांना स्पॉन्सर करायला महिन्याला किमान ४,००० दिरहम पगार लागतो. कंपनीने राहायला घर दिलं असेल तर ३,००० दिरहमही चालतो. हुद्दा कोणता, ही अट २०१९ पासून राहिलेली नाही, पगार बघतात. मुलगा अविवाहित असेल तर २५ वर्षांपर्यंत आणि मुलगी लग्न होईपर्यंत वडिलांच्या व्हिसावर राहू शकते.

४,००० चा आकडा ऐकून बरेच जण "आपलं जमतं" म्हणतात. पण ही व्हिसाची अट आहे, संसाराचा खर्च नाही.

पहिल्याच महिन्यात लागणारी रोकड

दुबईत घरभाडं वर्षाच्या हिशोबाने ठरतं आणि ते बहुतेक वेळा पुढच्या तारखांच्या चेकने द्यावं लागतं. वर्षाला १ चेक, २ चेक, ४ चेक असं बोलणं होतं. भाडेकराराची 'इजारी'मध्ये नोंद करावी लागते. ती नसेल तर वीज-पाण्याचं कनेक्शन आणि कुटुंबाचा व्हिसा, दोन्ही अडतात.

उदाहरण घेऊ. समजा छोट्या फ्लॅटचं वार्षिक भाडं ४८,००० दिरहम ठरलं आणि मालक ४ चेकला तयार झाला. मग :

- पहिला चेक : १२,०००
- डिपॉझिट (रिकाम्या घराला साधारण ५ टक्के) : २,४००
- एजंटचं कमिशन (साधारण ५ टक्के) : २,४००
- वीज-पाण्याचं डिपॉझिट : २,०००

एकूण १८,८०० दिरहम. एक दिरहम २४ रुपयांचा धरला तर साडेचार लाख रुपये. यात व्हिसाची फी, विमानाचं तिकीट, गाद्या-भांडी, शाळेची पहिली फी काहीच धरलेलं नाही. ही रक्कम हातात नसताना दागिने गहाण ठेवून किंवा क्रेडिट कार्डवर घर घेतलं तर पहिलं वर्ष व्याज भरण्यात जातं. व्याजाबद्दल आपल्या दीनची शिकवण सगळ्यांना माहीत आहे. पण नुसता व्यवहार बघितला तरी हा सौदा तोट्याचाच आहे.

महिन्याचा हिशोब

त्याच उदाहरणात पगार ८,००० दिरहम धरा, म्हणजे व्हिसाच्या अटीच्या दुप्पट. भाड्याचे महिन्याला ४,००० गेले. दुबईत वार्षिक भाड्याच्या ५ टक्के 'हाउसिंग फी' वीज-पाण्याच्या बिलातून कापली जाते, ती महिन्याला २००. दोन मुलांची फी प्रत्येकी १०,००० आणि बस-पुस्तकांचे ३,००० धरले तर वर्षाला २६,०००, म्हणजे महिन्याला जवळपास २,१७०.

उरले सुमारे १,६३०. यातूनच किराणा, वीज, मोबाईल, येणं-जाणं, बायको-मुलांचा विमा आणि गावाकडे अम्मी-अब्बांना पाठवायचे पैसे. आता पगाराच्या जागी ४,००० लिहून बघा : भाड्यातच सगळा पगार संपतो.

म्हणून अनेक कुटुंबं शारजात किंवा अजमानमध्ये राहतात. तिथे भाडं कमी पडतं, पण दुबईला रोज येण्याजाण्यात बराच वेळ जातो. मुलं झोपल्यावर अब्बा घरी येणार असतील, तर ज्यासाठी कुटुंब आणलं तेच हातातून जातं. हाही हिशोबच आहे.

कागदपत्रं : सुरुवात गावातून

*१. निकाहची सरकारी नोंदणी.* नुसता निकाहनामा तिथे चालेल असं समजू नका. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत निकाहची नोंद होते. नवरा-बायको, तीन साक्षीदार आणि काझी साहेबांची सही लागते. निकाहपासून ९० दिवसांत करावी. उशीर झाला असेल तर दंड भरून होते.

*२. मुलांचा जन्मदाखला.* दवाखान्यातून नोंद झाली, पण दाखल्यावर मुलाचं नावच नाही, असं बऱ्याचदा असतं. नाव नंतर टाकता येतं, कायद्याने १५ वर्षांपर्यंत मुदत आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. आणि २०२५ पासून राज्यात उशिरा केलेल्या जन्मनोंदींची कडक तपासणी होते आहे, म्हणून हे काम शेवटच्या महिन्यावर ठेवू नका.

*३. नावं जुळवा.* आपल्याकडे सगळ्यात जास्त अडचण इथे येते. एका कागदावर 'मोहम्मद', दुसऱ्यावर 'मो.', एकीकडे 'शेख' आधी, दुसरीकडे शेवटी, आईच्या नावापुढे कुठे 'बी', कुठे 'परवीन', कुठे माहेरचं नाव. निकाहचा दाखला, मुलांचे दाखले आणि सगळ्यांचे पासपोर्ट समोर ठेवून एकेक अक्षर तपासा. पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असेल तर तेही बघा : नोव्हेंबर २०२२ पासून अशा पासपोर्टवर युएईच्या व्हिजिट व्हिसाला अडचण येते.

*४. पासपोर्ट.* आपला जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या हद्दीत येतो. लहान मुलाचा पासपोर्ट ५ वर्षांचा असतो आणि दोन्ही पालकांची संमती लागते. वडील परदेशात असतील तर त्यांचा संमतीचा कागद आधी मागवून ठेवा.

*५. अटेस्टेशन.* निकाह आणि जन्माच्या दाखल्यांवर आधी राज्य सरकार, मग भारताचं परराष्ट्र मंत्रालय, मग युएईचा दूतावास आणि शेवटी युएईचं परराष्ट्र मंत्रालय, असे टप्पे आहेत. सौदी अरेबियाने २०२२ मध्ये अपोस्टिल स्वीकारलं, पण युएई त्या करारात नाही. सौदीला गेलेल्या पाहुण्याचं ऐकून अपोस्टिल करून घेतलं तर पैसे आणि वेळ दोन्ही वाया जातील.

शाळा

परदेशी मुलं बहुतेक खासगी शाळेतच जातात. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा इतरांपेक्षा स्वस्त असतात आणि त्यांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून जाण्याचा महिना हे बघून ठरवा. पुढे परत यायचं झालं तर सीबीएसई सोयीचं पडतं. गावच्या शाळेचा टीसी कोणाच्या सही-शिक्क्याने लागेल, हे तिथल्या शाळेला लेखी विचारा.

मुस्लिम मुलांना खासगी शाळेतही इस्लामी शिक्षण सक्तीचं आहे आणि अरबी भाषाही शिकवतात. पालकांसाठी ही जमेची बाजू. मराठी मात्र घरातच बोलावी-लिहावी लागेल, नाहीतर नानीशी फोनवर काय बोलणार?

दवाखाना आणि विमा

दुबईत आरोग्य विमा सक्तीचा आहे. नोकराचा विमा कंपनी काढते. बायको-मुलांचा विमा कंपनी देईलच असं नाही. तो स्पॉन्सरची, म्हणजे तुमची जबाबदारी. कंपनीशी बोलताना हे आधी विचारून घ्या. १८ वर्षांखालच्या मुलांना व्हिसासाठी मेडिकल तपासणी लागत नाही, पण लसीकरणाचं कार्ड सांभाळून न्या.

नोकरी गेली तर?

बायको-मुलांचा व्हिसा तुमच्या व्हिसाला बांधलेला असतो. नोकरी गेली की सगळ्यांचीच मुदत सुरू होते, आणि पुढच्या तारखांचे चेक मालकाकडे असतात. म्हणून किमान ३ महिन्यांचा खर्च आणि सगळ्यांच्या परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा. २०२३ पासून सुरू झालेला बेरोजगारी विमा नोकरदारांना सक्तीचा आहे. तुमचा चालू आहे ना, ते तपासा. अडचणीत भारतीय वाणिज्य दूतावासाच्या मदत केंद्राचा तिथला टोल-फ्री नंबर ८०० ४६३४२.

हिशोब जमत नसेल तर

मग यंदा नेऊ नका. यात कमीपणा नाही. सुट्टीत ३० किंवा ६० दिवसांच्या व्हिजिट व्हिसावर मुलांना बोलवा, शहर आणि भाडं दोघं मिळून बघा. पण "व्हिजिटवर आणू, पुढचं पुढे बघू" असं करू नका. मुदत उलटली की माणशी दिवसाला ५० दिरहम दंड लागतो आणि राहण्याचा व्हिसा नसला की शाळेतही अडतं.

एक सोपी कसोटी सांगतो. जायच्या आधी ६ महिने, तिथला जो महिन्याचा खर्च काढला असेल तेवढी रक्कम पगारातून बाजूला ठेवून बघा. ती न मोडता राहिली आणि गावाकडचे पैसेही थांबले नाहीत, तर तुमची तयारी झाली. पहिल्या महिन्याची रोकडही त्यातूनच उभी राहील. आणि हा हिशोब एकट्याने करू नका. बायकोला आकडे दाखवा, कारण त्या १,६३० दिरहमात घर तिलाच चालवायचं आहे. दोघांच्या मश्विऱ्याने ठरलेलं पाऊल, इन्शाअल्लाह, मुलांच्याही भल्याचं ठरेल.