रॅपच्या बीटवर तारपा कुठून आला? ‘द वारली रिव्होल्ट’ची गोष्ट

भाईंदरच्या जेसल पार्कात राहणाऱ्याला जंगल फार लांब नाही. पूर्वेला काशीमिरा ओलांडलं की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द लागते. त्याच जंगलाच्या दक्षिण टोकाला, गोरेगावात, आरे आहे. तिथल्या आदिवासी पाड्यांचा आवाज २०१९ मध्ये थेट एका रॅप गाण्यात आला. ‘द वारली रिव्होल्ट’ हे त्या गाण्याचं नाव.

रॅप, बेसचे दणके आणि वारली लोकसंगीत हे सगळं एकाच गाण्यात कसं काय आलं? समजून घेऊया.

गाणं कोणाचं?

‘स्वदेशी’ हा मुंबईतला हिप-हॉप ग्रुप. मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली अशा वेगवेगळ्या भाषांत रॅप करणारी पोरं इथं एकत्र आली. एमसी मवाली मराठीत लिहितो. एमसी तोडफोड हिंदी-गुजरातीत लिहायचा. ‘गली बॉय’मधलं ‘इंडिया ९१’ आठवतंय? त्यात हे दोघंही होते.

वेगवेगळे संगीतप्रकार एकत्र आणणं त्यांना नवं नव्हतं. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्या ‘ता धोम’ प्रकल्पात त्यांनी कर्नाटक संगीतातल्या कोन्नकोलसोबत रॅप केला होता. कोन्नकोल म्हणजे तालाचे बोल तोंडाने म्हणण्याची कला. ‘वारली रिव्होल्ट’मध्ये मात्र तालासोबत मुद्दाही आला.

प्रेरणा कुठली?

आरे दुग्ध वसाहत १९४९ मध्ये सुरू झाली, पण पाडे त्याच्याही आधीपासून तिथं आहेत. मेट्रो ३ ची कारशेड आरेत करायचं ठरलं आणि झाडं, शेती, घरं यांचं काय होणार, हा प्रश्न उभा राहिला.

केलटीपाड्यात राहणारे प्रकाश भोईर हे लोककलावंत आणि आरे आंदोलनातलं ओळखीचं नाव. ‘स्वदेशी’ने त्यांना गाण्यात सोबत घेतलं. त्यामुळे पाड्याबद्दल फक्त बाहेरची पोरं बोलत नाहीत, पाड्यातला माणूस स्वतः गातो. भोईर यांचा आवाज, लोकसंगीताचा ठेका आणि मवालीचा मराठी रॅप यांवर गाणं उभं राहतं. व्हिडिओतही आरेचं जंगल आणि तिथली माणसं दिसतात.

तारपा म्हणजे काय?

वाळवलेला भोपळा, बांबू आणि ताडाची पानं यांपासून बनवलेलं हे फुंकवाद्य. वाजवणारा श्वास न तोडता फुंकत राहतो, त्यामुळे सूर सलग चालतो. भातकापणीच्या हंगामात तारपा वाजतो आणि त्याच्याभोवती फेर धरून लोक नाचतात. वारली चित्रांत मधोमध वाद्य वाजवणारा माणूस आणि भोवती माणसांचं वेटोळं दिसतं ना, तो हाच तारपा नाच.

तारप्याला लागणारं सगळं साहित्य शेतातून आणि रानातून येतं. जंगल गेलं तर झाडांसोबत हे संगीतही अडचणीत येतं. म्हणून या गाण्यात लोकसंगीत केवळ सजावटीसाठी आलेलं वाटत नाही.

नावात ‘रिव्होल्ट’ का?

वारली आणि उठाव हे शब्द एकत्र आले की १९४५ आठवतं. तलासरी, डहाणू, उंबरगाव भागात वारल्यांनी वेठबिगारी आणि जमीनदारांच्या जुलमाविरुद्ध लढा दिला. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यात पुढे होते. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे गोदावरीबाईंचं पुस्तक याच लढ्यावर आहे. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

पुढे काय झालं?

गाणं आलं तेव्हा झाडं उभी होती. काही महिन्यांनी, ४ ऑक्टोबर २०१९ ला, मुंबई उच्च न्यायालयाने वृक्षतोडीविरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, पण तोवर २,१४१ झाडं पडली होती.

कारशेड २०२० मध्ये कांजूरमार्गला हलवायचं ठरलं. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि ती पुन्हा आरेत आली. ऑक्टोबर २०२४ पासून आरे ते बीकेसी मेट्रो धावू लागली.

‘स्वदेशी’चा ‘चेतावणी’ हा अल्बम २०२० मध्ये आझादी रेकॉर्ड्स या स्वतंत्र लेबलकडून आला. मार्च २०२२ मध्ये तोडफोडचं, म्हणजे धर्मेश परमारचं, अवघ्या २४ व्या वर्षी निधन झालं.

मग गाण्याने काय साधलं?

झाडं वाचली नाहीत, हे खरं. पण आरेतले पाडे अनेक मुंबईकरांना माहीतच नव्हते. मोबाईलवर रॅप ऐकणाऱ्या पोरांपर्यंत त्या पाड्यांचा आवाज पोचला, तोही तिथल्याच माणसाच्या तोंडून.

हा प्रश्न आरेपुरता राहिलेला नाही. दहिसर ते मीरा-भाईंदर या मेट्रो ९ ची कारशेड उत्तनजवळच्या डोंगरीत करायचं ठरलं आणि २०२५ मध्ये तिथल्या हजारो झाडांच्या तोडीला विरोध झाला. मेट्रो जेसल पार्कवाल्यांनाही हवीच आहे. पण ती कुठल्या झाडांच्या जागेवर उभी राहते आणि तिथं कोण राहतं, हे विचारायला ‘वारली रिव्होल्ट’ आजही भाग पाडतं.