पुन्हां तेथेंच कां?

सुट्टी लागली म्हणजे नवी मुंबईंतील कितीतरी घरांत एक लहानशी सभा भरते. वडील प्रवासाचे मार्ग पाहतात, आई खर्चाचा अंदाज काढते, आजोबा अद्याप न पाहिलेल्या एखाद्या किल्ल्याचें नांव सुचवितात. घटकाभर वाद होतो आणि अखेरीस ठरतें काय, तर गेल्या वर्षीं जेथें जाणें झालें तेथेंच यंदाहि जावयाचें! मुलांनीं हा निर्णय सभा भरण्यापूर्वींच केलेला असतो. गाडी कोणत्या वळणावर एकदम खालीं कोसळते, कोणत्या झाडाखालीं डबा सोडावयाचा, परततांना कोणत्या दुकानासमोर हट्ट धरावयाचा, हें सारें त्यांना पाठ असतें. नवें कांहीं पाहावें म्हणून मनुष्य घर सोडतो असें सामान्यतः मानलें जातें. मग पाहिलेलेंच पुन्हां पाहण्याची ही ओढ कोठून येते?

आळस, संवय किंवा जाहिरातीची मोहिनी, अशीं उत्तरें तत्काळ सुचतात आणि त्यांत थोडें तथ्यहि आहे. परंतु ठाण्याच्या खाडीपासून बोरघाटापर्यंतच्या मुलुखाचा इतिहास चाळला असतां हीं उत्तरें अपुरीं पडतात. कारण दर वर्षीं त्याच ठिकाणीं जाण्याची चाल येथें जाहिरातीहून फार जुनी आहे. प्रथम जत्रा, पुढें थंड हवेचें ठिकाण आणि अलीकडे करमणुकीचें उद्यान, अशीं तिचीं तीन रूपें या टापूंत एकामागून एक दिसून येतात. विशेष हें कीं, पुढचें रूप आलें म्हणून मागचें नाहींसें झालेलें नाहीं.

खाडीकांठच्या आगरी आणि कोळी समाजाची कार्ल्याच्या एकवीरा देवीवरील भक्ति सर्वश्रुत आहे. चैत्र शुद्ध सप्तमीला देवीची पालखी निघते आणि त्या सुमारास बेलापूर, पनवेल, उरण, ठाणें आणि मुंबई येथील कोळीवाडे व आगरी गांवें घाटाची वाट धरतात. ज्या डोंगरावर ही देवी आहे तेथेंच, तिच्या देवळाला लागून, बौद्धांचें प्रसिद्ध चैत्यगृह आहे. सुमारें १९०० वर्षांपूर्वीं तें पुरें करविणाऱ्या वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीनें जंबुद्वीपांत या लेण्याला तोड नाहीं, अशा अर्थाचा अभिमान आपल्या शिलालेखांत कोरून ठेविला आहे. आंतील खांबांवरील दानलेखांत सोपाऱ्याच्या एका दात्याचेंहि नांव आढळतें. समुद्रकांठच्या माणसांचें घाटमाथ्यावरील या कातळाशीं असलेलें नातें इतकें जुनें आहे. त्यांची श्रद्धा पालटली, देवता पालटली. वाट मात्र मोडली नाहीं.

या यात्रेचें खरें मर्म नवसांत आहे. आई लेकरासाठीं नवस बोलते तेव्हां तो फेडण्यासाठीं परत येण्याचा वायदाच ती करीत असते. आणि नवस फेडावयास आलेली आई बहुधा दुसरा नवस बोलूनच डोंगर उतरते. अशा रीतीनें एका वर्षाचें टोंक पुढच्या वर्षाला बांधलें जातें. पहिल्या खेपेस मूल बापाच्या खांद्यावर बसून वर येतें. कांहीं वर्षांनीं तेंच मूल पायऱ्या मोजीत पुढें धांवतें. आणखी कांहीं वर्षांनीं तो तरुण थकलेल्या आईला हात देऊन वर आणतो. पायऱ्या तितक्याच असतात. पण यंदा कोण दमला, कोण प्रथमच आला आणि कोण आला नाहीं, हें त्या पायऱ्यांवरच कळून येतें. घरांत रोज एकमेकांसमोर वावरणाऱ्यांना एकमेकांचें वय दिसत नाहीं. तें दिसण्यासाठीं न हलणारी अशी एक खूण लागते, आणि ती खूण जत्रा पुरविते.

दुसरें रूप इंग्रजी अमदानींत आलें. १८५० च्या मे महिन्यांत ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याचा मुक्काम चौक या पायथ्याच्या गांवीं होता. समोरचा डोंगर पाहून तो वर चढून गेला आणि माथेरानची गर्द सावली पाहून हरखला. धनगर, ठाकूर व कातकरी यांचा तेथें पूर्वापार वावर होताच. शोध लागला तो साहेबाला! मॅलेटची कथा सांगणारे बहुधा येथेंच थांबतात. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें तिचा महत्त्वाचा भाग पुढें आहे. पावसाळा संपल्यावर त्याच वर्षीं तो पुन्हां वर गेला, वाट आंखविली आणि राहावयास एक लहानसें घर बांधलें. माथेरानला आलेला पहिला साहेब हाच तेथें परत येणारा पहिला पाहुणा ठरला.

मागाहून गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आला, बंगले उठले, आणि साहेबांच्या पाठोपाठ मुंबईचीं पारशी, बोहरी, गुजराती व मराठी कुटुंबें तेथें उन्हाळे काढूं लागलीं. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनीं १९०१ ते १९०७ या काळांत नेरळपासून वर दोन फूट रुंदीचा लोहमार्ग बांधविला. वळसे घेत, धापा टाकीत चढणारी ती लहानशी गाडी मुलांच्या दृष्टीनें सहलीचें साधन नसून सहलच होऊन बसली. मोटारगाड्यांना गांवांत मज्जाव असल्यानें आजहि त्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. अलीकडे विजेवर चालणाऱ्या कांहीं रिक्षांना परवानगी मिळाली आहे; परंतु बहुतेकांची वाटचाल तांबड्या मातींतून पायीं किंवा घोड्यावरच होते. २००५ च्या आणि पुढें २०१९ च्या अतिवृष्टीनें लोहमार्ग उखडला, तेव्हां मोटारीचा रस्ता आहे, मग ही मंद गाडी हवी कशाला, असा हिशोब सहज करतां आला असता. परंतु गाडी २००७ सालीं आणि पुन्हां २०२२ सालीं चालू करण्यांत आली. वेगाच्या युगांत ह्या मंदगतीच्या गाडीसाठीं एवढा खटाटोप होतो, याचें कारण तिच्यांत बसून ज्यांनीं पहिल्यानें डोंगर पाहिला त्यांना तो आपल्या नातवंडांना त्याच खिडकींतून दाखवावयाचा असतो.

येथें मनाच्या एका व्यापाराकडे लक्ष वेधतें. परक्या ठिकाणीं अर्धें चित्त वाट शोधण्यांत, बिऱ्हाड पाहण्यांत आणि फसवणूक टाळण्यांत गुंतलेलें असतें. ओळखीच्या ठिकाणीं तें मोकळें होतें. नव्या गांवीं डोळे गांव पाहतात. जुन्या गांवीं ते सोबतची माणसें पाहूं लागतात. वर्षभर कामाच्या घाईंत ज्यांना एकमेकांशीं दहा वाक्यें बोलावयास सवड झाली नाहीं, त्यांना ठाऊक असलेल्या वाटेवर चालतांना ती सवड सांपडते.

आतां तिसरें रूप. खाडीच्या पूर्वेस नवें शहर वसविण्यासाठीं १७ मार्च १९७० रोजीं सिडकोची स्थापना झाली. ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवें या योजनेंत आलीं. भातखाचरें गेलीं, मिठाचीं आगरें गेलीं. ज्या आगरांवरून आगरी हें नांव पडलें असें म्हणतात तीं भराव घालून बुजविण्यांत आलीं. मोबदल्याच्या प्रश्नावर जानेवारी १९८४ मध्यें दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं आंदोलन झालें आणि पोलिसांच्या गोळीबारांत पांच जणांना प्राण गमवावे लागले. पुढें साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. जमिनीचा वाद येथें सोडवावयाचा नाहीं. परंतु ज्यांच्या डोळ्यांदेखत बांध, तळें आणि वहिवाटीची वाट पुसली गेली त्यांच्यासाठीं गांवदेवीची जत्रा ही केवळ करमणूक उरली नाहीं, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. इमारतींच्या गर्दींत त्या दिवशीं पालखी निघते, मोकळ्या जागेंत पाळणा उभा राहतो, सासरीं गेलेल्या लेकी मुलांना घेऊन माहेरीं येतात. सेक्टरांच्या आंकड्यांखालीं दडलेलें गांव त्या एका रात्रीं पुन्हां दिसूं लागतें.

ह्याच शहरांत दुसरीहि माणसें आलीं. सातारा, कोल्हापूर, विदर्भ, कोंकण आणि परप्रांत येथून नोकरीसाठीं आलेल्यांची ग्रामदैवतें दूर राहिलीं. पहिली पिढी जत्रेला रजा काढून जात असे; दुसऱ्या पिढीला बहुधा तिथिहि ठाऊक नसते. परंतु वर्षांतून एकदां सर्वांनीं मिळून एका ठरलेल्या ठिकाणीं जाण्याची गरज तिथीबरोबर मागें राहिली नाहीं. ती नवें ठिकाण शोधूं लागली. १९८९ सालीं गोराईस एस्सेलवर्ल्ड उघडलें. २०१२ सालीं नवी मुंबई महानगरपालिकेनें नेरूळ येथें वंडर्स पार्क बांधलें. तेथें जगांतील सात आश्चर्यांच्या प्रतिकृति आहेत आणि मुलांसाठीं छोटी आगगाडीहि आहे. २०१३ सालीं खोपोलीजवळ खालापूर तालुक्यांत इमॅजिका सुरू झालें. ज्या चौक गांवाहून मॅलेट निघाला तें गांवहि ह्याच तालुक्यांतलें, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

अशा उद्यानांची मूळ कल्पना परदेशांतली. वॉल्ट डिस्ने याच्या सांगण्याप्रमाणें, त्याच्या मुली लॉस एंजेलिसच्या एका बागेंत गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसत आणि तो बांकावर नुसता बसून राही. आईबाप व मुलें यांना एकत्र खेळतां येईल असें स्थळ असावें हा विचार त्याला तेथें सुचला, आणि १९५५ सालीं डिस्नेलँड उघडलें. कल्पना परदेशांतली असली तरी येथील माणसांनीं तिचा उपयोग आपल्या जुन्या रीतीनेंच केला. मोठ्या खेळांच्या दाराशीं उंचीची एक रेघ असते. तिच्याहून ठेंगण्या मुलाला आंत सोडीत नाहींत. एका वर्षीं मुलगी त्या रेघेला दोन बोटें कमी पडते व रडवेली होऊन परत फिरते. पुढल्या वर्षीं ती टांचा न उचलतां रेघ गांठते. त्या क्षणीं तिच्या बापाच्या चेहऱ्यावर जो आनंद आणि जी किंचित् हुरहुर दिसते, ती खेळाच्या तिकिटांत धरलेली नसते. दुसऱ्या कोणत्याहि उद्यानांत अशी रेघ सांपडेल. पण दोन बोटें कमी पडल्याची आठवण ह्याच रेघेजवळ असते. कार्ल्याच्या पायऱ्या जें मोजीत आल्या तेंच ही रेघ मोजते.

तथापि एक मोठा भेद विसरतां येत नाहीं. जत्रेला मालक नाहीं, उद्यानाला आहे. खर्च व उत्पन्न यांचा मेळ बसला नाहीं तर तें मिटतें. गोराईच्या एस्सेलवर्ल्डचे खेळ तीन दशकांनंतर थांबले, तेव्हां ज्यांनीं आपलें बालपण तेथें पाहिलें होतें व आतां मुलांना न्यावयाचें मनांत होतें, त्यांच्या आठवणींना उभें राहावयास जागा उरली नाहीं. उलट कोपनहेगनचें टिव्होली उद्यान १८४३ पासून आपल्या जागीं आहे; तेथें नवे खेळ येत राहिले, तरी बाग तीच राहिली. जत्रेचेंहि तसेंच आहे. देवी जुनी, खेळणीं दर वर्षीं नवीं. कांहींच बदललें नाहीं तर माणूस कंटाळतो आणि सारेंच बदललें तर तो परका होतो, ही गोष्ट आमच्या ग्रामस्थांना फार पूर्वींच उमगली होती.

यावरून नगररचना करणाऱ्यांनींहि कांहीं बोध घेण्यासारखा आहे. शहर वाढणार, इमारती उंच होणार, नवे पूल व रस्ते येणार. तें कोणी थोपवूं नये. परंतु गांवदेवीपुढील पालखीची जागा, मुलांची एखादी बाग, डोंगरावर जाणारी एखादी संथ गाडी, एवढें तरी पिढ्यान् पिढ्या जेथल्या तेथें राहिलें पाहिजे. मोकळ्या जागेचा भाव काढणें सोपें आहे. त्या जागेवर किती वर्षांच्या भेटी एकावर एक रचल्या आहेत, हें मात्र कोणत्याहि सातबाऱ्यावर लिहिलेलें नसतें.

पुढल्या सुट्टींत पुन्हां घरोघर सभा भरेल. आजोबा किल्ल्याचें नांव सुचवितील आणि मुलें जुनाच हट्ट धरतील. मोठ्यांनीं त्यांना कल्पनाशून्य म्हणण्याची घाई करूं नये. गेल्या वर्षीं दोन बोटें कमी पडलेल्या एखाद्या मुलीला यंदा त्या रेघेपाशीं उभें राहून पाहावयाचें असतें.