सगळी गाणी सारखीच का वाटतात? (आणि तरी का आवडतात?)

मँडरिनमधली उडत्या चालीची दहा गाणी एकापाठोपाठ लावा. चौथ्या-पाचव्या गाण्याला मघाचंच गाणं परत लागलंय की काय असं वाटायला लागतं. तोच ठेका, कडव्यानंतर एकदम वर उसळणारं तेच ध्रुवपद, तीच हसरी बाई. मला ती गाणी आवडतात, लपवत नाही. पण यावर बोललं की कुणीतरी हमखास म्हणतं, "अरे चायना माल तो, साच्यातूनच निघणार." हा विनोद मला पटत नाही, कारण या सारखेपणाला शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तो कारखान्यात सुरू होत नाही. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

तो सुरू होतो शाळेत. ली जिनह्वेई नावाचा एक माणूस १९२०च्या दशकात शांघायमध्ये मुलांसाठी संगीतिका लिहीत होता. उद्देश काय, तर मँडरिन ही 'राष्ट्रभाषा' म्हणून पसरवायची. शांघायच्या लोकांची घरची बोली वेगळीच, मँडरिन त्यांना शिकावी लागायची. त्यामुळे शब्द सोपे, ओळी छोट्या आणि चाल कुणाच्याही गळ्याला झेपणारी. पुढे याच मास्तरांनी मोठ्यांसाठी प्रेमगीतं केली आणि त्यातून चिनी पॉप जन्माला आलं. म्हणजे जे संगीत आज 'फार सोपं, फार सारखं' वाटतं, ते मुळात सोपंच असावं म्हणून बनवलेलं होतं.

लींनी लोकगीतांचे पाच स्वर घेतले आणि त्याखाली जॅझ घातलं. तेव्हा शांघायच्या नाचघरांत अमेरिकेतले कृष्णवर्णीय वादक वाजवत होते. ट्रम्पेटवाला बक क्लेटन तिथे होता, पियानोवाला टेडी वेदरफोर्ड होता. हा वेदरफोर्ड पुढे मुंबईत ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला आणि १९४५ साली कलकत्त्यात वारला. मुंबईच्या याच जॅझमध्ये घडलेले हळदोण्याचे चिक चॉकलेट पुढे आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचे सहाय्यक झाले. 'अलबेला' आला १९५१ला. त्याच वर्षी याओ ली या शांघायच्या गायिकेचं गुलाबावरचं गाणं फ्रँकी लेननं इंग्रजीत गाऊन अमेरिकेत गाजवलं. त्यामुळे जुनं शांघाय ऐकताना 'हे कुठंतरी ऐकलंय' असं वाटलं तर कानाला दोष देऊ नका. नातं दूरचं असलं तरी खरं आहे.

आता राजकारण. ते आलंच!

लींच्याच मंडळीत न्ये अर नावाचा एक तरुण वादक होता. १९३२ साली त्यानं टोपणनावानं आपल्याच गुरूवर जाहीर टीका केली. देश संकटात आणि तुम्ही नाचगाणी कसली करता? तीन वर्षांनी त्यानं जे गाणं रचलं ते आज चीनचं राष्ट्रगीत आहे. लींच्या गाण्यांना मात्र 'पिवळं संगीत' हा शिक्का बसला. (आपल्याकडेही 'पिवळी पुस्तकं' म्हणतातच, रंग तोच.) १९४९ नंतर नाचघरं बंद झाली, रेकॉर्ड कंपनी हाँगकाँगला गेली, आणि ली १९६७ साली सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत छळ सोसून गेले. तिकडे तैवानमध्ये स्वातंत्र्य होतं असं समजू नका. १९८७पर्यंत लष्करी कायदा होता आणि गाणी तिथंही कापली जायची. चौ श्वाननं १९३७ साली गायलेलं, प्रियकर परत कधी येणार असं विचारणारं एक साधं प्रेमगीत दोन्ही बाजूंनी आपापल्या वेळी बंद पाडलं. परत येणारा 'तो' नक्की कोण, ही शंका!

मग आली तेरेसा तंग. ती उडत्या चालीची नव्हे, मऊ आवाजाची. पण तिच्या कॅसेट चोरून मुख्य भूमीत पोचल्या आणि लोक म्हणू लागले, दिवसा म्हाताऱ्या डेंगचं राज्य, रात्री छोट्या डेंगचं. चिनी लिपीत दोघांचं आडनाव एकच. १९८२ साली तर 'पिवळी गाणी कशी ओळखावीत' यावर सरकारी प्रकाशनाची पुस्तिका निघाली. पुढच्याच वर्षी सरकारी वाहिनीच्या पहिल्या वसंतोत्सव कार्यक्रमात ली गुयीनं तिचं गाणं गायलं, ज्यावर आधी 'पिवळं' म्हणून टीका झाली होती. प्रेक्षकांनी फोन करकरून ते मागितलं होतं. हा प्रसंग मला फार मोठा वाटतो. लोकांना हवं होतं ते चाळणीतून निसटलं.

चाळणी मात्र गेली नाही, आणि माझ्या मते सारखेपणाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे. दुःख, राग, टोमणा यांत धोका. आनंदात धोका नाही. 'सकारात्मक ऊर्जा' हा तर तिथं आता सरकारी शब्दच आहे. २०१४ साली 'छोटं सफरचंद' नावाचं गाणं इतकं गाजलं की चौकाचौकात संध्याकाळी नाचणाऱ्या काकवांपासून सैन्यभरतीच्या व्हिडिओपर्यंत सगळीकडे तेच. २०१५ला तर सरकारनं या चौकातल्या नाचांचे बारा प्रमाणित प्रकार जाहीर केले. लोक चिडले तेव्हा 'सक्ती नाही हो' असा खुलासा करावा लागला.

उरलेलं अर्धं उत्तर भाषेत आहे. कँटोनीजमध्ये चाल शब्दांच्या स्वरांबरोबर चालावी लागते, नाहीतर अर्थाचा अनर्थ. मँडरिन गाण्यात शब्दांचे चार स्वर सरळ गुंडाळून ठेवतात आणि श्रोता संदर्भावरून समजून घेतो. म्हणून जपानी असो की रोमानियन, कुठलीही चाल उचलून मँडरिनमध्ये बसवता येते, आणि तशी ढिगानं बसवली गेली. शिवाय यमकं! स्वर सोडले तर मँडरिनमध्ये सुमारे चारशेच अक्षरध्वनी. यमक जुळवायला कवीला घाम गाळावा लागत नाही. त्याखाली जपानी पॉपमधून आलेला कॉर्डचा ठरलेला क्रम, ज्याला चिनी संगीतकार स्वतःच थट्टेनं आकड्यांनी ओळखतात: ४५३६२५१. आपल्या वरातीतल्या डीजेच्या गाण्यांना असा आकडा दिला तर किती छोटा येईल, बघा विचार करून.

पण सारखं असलं म्हणून मुकं नसतं. ऑक्टोबर २०२१मध्ये मलेशियाचा नेमवी आणि ऑस्ट्रेलियात वाढलेली किंबर्ली चेन यांनी एक गुलाबी, गोड, पांडा-बिंडा असलेलं युगुलगीत काढलं. नाव 'काचेचं हृदय'. ऐकायला अगदी त्या दहा गाण्यांतलंच अकरावं. चाल इतकी ओळखीची की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला टोमणा कळायला जरा वेळ लागतो. तो आहे राष्ट्रवादी चिनी समाजमाध्यमांतल्या हळव्या मंडळींवर. दोघांची वेइबो खाती लगेच बंद झाली. पुढच्या वर्षी टाळेबंदीत घरात कोंडलेल्या लोकांनी तर आपल्या बप्पीदांचं 'जिमी जिमी' उचललं. मँडरिनमध्ये 'जिए मी' म्हणजे तांदूळ उसने द्या. लोक साडीसारखं काहीतरी गुंडाळून, रिकामी भांडी कॅमेऱ्याला दाखवत त्यावर नाचत होते. १९८२चं डिस्को गाणं, चेहरे हसरे, ठेका मस्त. ते व्हिडिओ बराच काळ कुणी काढले नाहीत. नाचगाण्याला हरकत कशावर घेणार?