सँडी हुक : शत्रू न पाहिलेल्या तोफा

न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशी, न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरून उत्तरेकडे सुटलेला एक वाळूचा दांडा आहे, सँडी हुक. बंदरात शिरणाऱ्या मोठ्या जहाजांची वाट त्याच्या टोकाजवळूनच जाते. इथलं 1764 सालचं दीपगृह आजही चालू आहे. अशा जागी किल्ला असणार, हे सांगायला नकोच. 1895 मध्ये त्याला फोर्ट हँकॉक हे नाव मिळालं. पण आपण आज बघणार आहोत ते किल्ल्याच्या आधीपासून तिथे चाललेलं काम.

त्यासाठी जरा मागे जाऊ. 1864 च्या डिसेंबरात, अमेरिकेच्या यादवी युद्धात, उत्तरेच्या आरमाराने फोर्ट फिशरवर मारा केला. त्यात पॅरट जातीच्या काही तोफा स्वतःच फुटल्या आणि त्या चालवणारे खलाशीच मेले. शत्रूच्या गोळ्याने नव्हे, आपल्याच तोफेने! तोफ भरवशाची आहे की नाही, हे रणांगणावर कळून काय उपयोग? 1874 मध्ये लष्कराने सँडी हुकला तोफांचं चाचणी-मैदान सुरू केलं, ते याच प्रश्नासाठी.

नव्या तोफेत नेहमीपेक्षा जास्त दारू भरायची आणि ती उडवायची. फुटायची असेल तर इथे फुटू दे. आतला दाब मोजायला तांब्याचा छोटा दंडगोल ठेवत. तो किती चेपला, त्यावरून दाब कळे. वेगासाठी गोळ्याच्या वाटेत तारांच्या दोन चौकटी उभ्या करत. पहिली तार तुटल्यापासून दुसरी तुटेपर्यंतचा वेळ मोजला की झालं. साधी युक्ती आहे, पण तिच्यामुळे अंदाजाच्या जागी आकडा आला.

किल्ल्यालाही शेजाराचा फायदा झाला. बॅटरी पॉटरमध्ये 12 इंची तोफा वाफेच्या जोरावर वर उचलून, उडवून, पुन्हा खाली दडवत. त्यासाठी बॉयलर पेटते ठेवायचे, म्हणजे खर्च आणि कटकट. पुढे तोफेच्या धक्क्यानेच तिला खाली आणणारे गाडे आले आणि ही वाफेची करामत मागे पडली.

1903 मध्ये इथे 16 इंची तोफ तपासली. लांबी सुमारे 49 फूट, गोळा हजार किलोच्या वर. ही एकुलती एक तोफ पुढे पनामा कालव्याच्या राखणीला गेली. पण तोफांचा पल्ला असा वाढत गेला आणि दांडा होता तेवढाच राहिला. समोर तर जगातली गजबजलेली जहाजांची वाट! शेवटी पहिल्या महायुद्धाच्या काळात चाचण्या मेरीलँडमधल्या अॅबरडीनला हलवल्या आणि 1919 मध्ये इथलं मैदान बंद झालं.

फोर्ट हँकॉकच्या तोफांनी शत्रूवर एकही गोळा टाकला नाही. पुढे नाइकी क्षेपणास्त्रं आली, 1974 मध्ये लष्कर गेलं. आता तिथे लोक समुद्रस्नानाला येतात. चाचणीतले जुने गोळे मात्र अधूनमधून वाळूतून वर येतात. मग बॉम्बनाशक पथक बोलवावं लागतं.