आठ आण्यांचं कुत्रं

मुंबईत एकदा चक्क कुत्र्यांवरून दंगल झाली होती, ठाऊक आहे? साल १८३२. मोकाट कुत्री मारायचा सरकारी हुकूम, वर दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस! मग काय, शिपाई पाळलेली कुत्रीही मारू लागले. पारशी धर्मात कुत्र्याला अंत्यविधीतही मान. ६ जूनला फोर्टात लोक शिपायांवर धावून गेले. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद, कुलाब्याच्या पलटणीची रसद अडली. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई वगैरेंनी पांजरपोळ संस्था काढली.

तेव्हा आपल्या कुत्र्यासाठी मालक रस्त्यावर उतरले. आज गल्लीत मोकळं सोडलेलं कुत्रं कुणाला चावलं, की मालक म्हणतो, "आमचं नाहीच ते!" माया असेल, तर परवाना घ्या आणि पट्टा हातात धरा. असो.