पॅड बांधून बसलेला मुलगा

गल्लीत किंवा शाळेच्या मैदानावर क्रिकेट खेळलेल्या प्रत्येकाला एक छळ ठाऊक असतो. पुढचा नंबर आपला असतो आणि आतले दोघे काही केल्या आउट होत नाहीत. आमच्याकडे कोरेगाव भीमाला तर ज्याची बॅट तो आधी, मग बाकीचे. अंधार पडला की खेळ संपला, आणि आपण नुसतीच फिल्डिंग करून घरी.

हा छळ भारतात सगळ्यात मोठ्या प्रमाणावर कुणी भोगला असेल, तर अमोल मुझुमदारने. तेव्हा तो 13 वर्षांचा होता.

फेब्रुवारी 1988. मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्डची सेमीफायनल. ही स्पर्धा शाळांची, आणि फार जुनी. 1890 ते 1895 या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड हॅरिसचं नाव तिला आहे. (1893 साली मुंबईत दंगल पेटली असताना हे साहेब पुण्यात क्रिकेटमध्ये रमले, म्हणून त्यांच्यावर भरपूर टीका झाली होती. नाव मात्र ढालीवर राहिलं.) एका बाजूला दादरचं शारदाश्रम विद्यामंदिर, समोर सेंट झेवियर्स.

शारदाश्रमचा संघ म्हणजे रमाकांत आचरेकर सरांची मुलं. त्यांच्या सांगण्यावरून सचिन तेंडुलकर वांद्र्याची शाळा सोडून इथे आला होता. विनोद कांबळी कांजूरमार्गहून लोकलच्या गर्दीत किट सांभाळत यायचा. सचिन 14 वर्षांचा, विनोद 16 चा.

84 धावांवर दुसरी विकेट पडली तेव्हा मुझुमदार पॅड बांधून तयार झाला. तिसरी विकेट पडलीच नाही.

दिवस संपला, दुसरा उजाडला, तरी दोघे खेळतच होते. सर त्या दिवशी मैदानावर नव्हते. त्यांचे सहायक लक्ष्मण चव्हाण डाव घोषित करा म्हणून बाउंड्रीवरून ओरडत होते, आणि हे दोघे ऐकू न आल्यासारखं करत होते. आझाद मैदानावर एकाला लागून एक असे डझनावारी सामने चालू असतात, त्यामुळे ऐकू आलं नाही हे सांगायला बरं! शेवटी लंचला सरांशी फोनवर बोलणं झालं आणि डाव घोषित झाला. 2 बाद 748. सचिन नाबाद 326, विनोद नाबाद 349. एकच धाव करू द्या, अशी विनवणी आपण केली होती, असं विनोद पुढे सांगायचा. भागीदारी 664 धावांची. कुठल्याही दर्जाच्या क्रिकेटमध्ये तोवर एवढी मोठी भागीदारी झाली नव्हती. हैदराबादच्या दोन शाळकरी मुलांनी 2006 मध्ये 721 धावा करून ती मागे टाकली.

झेवियर्सचा डाव 145 वर आटोपला. त्यातही विनोदने 37 धावांत 6 बळी घेतले, म्हणजे धावांनी पोट भरलं नव्हतं. फायनलमध्ये अंजुमन-ए-इस्लामविरुद्ध सचिनच्या पुन्हा नाबाद 346.

मला मात्र झेवियर्सच्या मुलांचं वाटतं. फेब्रुवारीच्या उन्हात त्यांनी सीमारेषेवरून किती वेळा बॉल आणला असेल, ते स्कोअरबुकात सापडत नाही. त्यांच्यातला एक बोलर साईराज बहुतुले पुढे भारताकडून दोन कसोटी खेळला. बाकीच्यांना आपण ओळखतही नाही.

आणि मुझुमदार? 1994 मध्ये फरीदाबादला हरियाणाविरुद्ध रणजी पदार्पणात त्याने 260 धावा ठोकल्या. प्रथमश्रेणी पदार्पणातला तो तेव्हाचा जागतिक विक्रम. मग वर्षानुवर्षं धावाच धावा, एकूण 11,167. पण मधल्या फळीत सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण. भारताकडून तो एकही सामना खेळला नाही. तो कमी पडला, हे म्हणणं मला पटत नाही. आतले आउटच झाले नाहीत.

2023 मध्ये तो भारताच्या महिला संघाचा प्रशिक्षक झाला. 2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री नवी मुंबईत हरमनप्रीत कौरने उलटं धावत शेवटचा झेल घेतला, दक्षिण आफ्रिका 52 धावांनी हरली आणि भारताच्या मुलींनी पहिल्यांदा वर्ल्ड कप जिंकला. त्याही वेळी अमोल मुझुमदार बाउंड्रीच्या बाहेरच होता. नंतर मात्र तो मैदानात आला, आणि हरमनप्रीत वाकून त्याच्या पाया पडली.